किती पट

घयाथीच्या ऑफिसात एसी असा, की एप्रिलपासून
खुर्चीच्या पाठीवर माझी शाल असते.
बाहेर सेहेचाळीस अंश. पडद्यावरचं वाळवंट मात्र फिकट गुलाबी,
आणि त्यावर पट्टीनं आखलेली तीनशे सहा वनं.
वन म्हणायचं म्हणून.
सात-सात मीटरवर एक झाड, प्रत्येकाच्या बुंध्याशी काळी नळी,
सलाईन लावल्यासारखी.

विहिरी खाऱ्या होत चालल्यात. सगळ्यांना पुरणार नाही.
कोणाला आधी, ते ठरवायचं यंत्र मी चालवते.

यंत्र मोठा प्रश्न कधीच विचारत नाही.
चष्म्याच्या डॉक्टरसारखं दोन-दोन गोष्टी पुढे धरतं:
पाणी महत्त्वाचं की सावली? किती पट?
सावली, की रस्त्यावर येणारी वाळू? किती पट?
वाळू की हरणं?
एक ते नऊमध्ये सांगा.
मी सांगते. सुहैल सांगतो. पाणीखात्याचा माणूस सगळीकडे नऊ देतो.
शेवटी यंत्र म्हणतं, तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.
(हे मला सासरीही सांगितलं होतं,
इतक्या सभ्यपणे नाही.)

मग मी आकडे थोडे सरकवते.
विसंगती दहा टक्क्यांखाली उतरली की नकाशा रंगतो.
हिरवं राखायचं. पिवळं पुन्हा बघायचं.
लाल म्हणजे व्हॉल्व बंद.

एकशे चौदा लाल आला.
रस्ता लांब, विहीर खारी, वय सव्वीस, झाडं घाफ.

घाफ म्हणजे शमी.
पहिलं वर्षभर मला कळलंच नव्हतं. यादीत लॅटिन नाव,
मी ते कोड म्हणून टाइप करत गेले.
मग एकदा फांदी हातात आली आणि
बोटांनीच ओळखलं:
चिपळूणच्या बाजारात फुलवाली दहा रुपयांना
दूर्वांच्या जुडीत एकच काडी खोचायची,
तीही अर्धी झडलेली.
इथे बारा हजार झाडं उभी आहेत.
आणि मी त्यांना गुण देतेय.

जागेवर जाऊन खात्री करायची असा नियम आहे.
मोफिजुल फाटक उघडतो. एकोणीस वर्षं हाच तुकडा.
त्याचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं,
त्यामुळे आमचं चांगलं जमतं.
नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात तो वाळूतून नळी उपसतो,
मिठानं पांढरी, मध्येच तुटलेली.
“छे साल पानी नहीं. साहब को बोला नहीं.
बोलता तो काट देता.”

वर बघते.
ओळ सदतीस ते एकेचाळीस. बाकीच्यांपेक्षा बुटक्या,
पण हिरव्या. शेंगा धरल्यात.
मुळं कुठल्या जुन्या ओलीपर्यंत पोचली असतील,
त्याचा थर माझ्या नकाशात नाही. उपग्रह पानं मोजतो.

एका फांदीवर त्याचा डबा, सदरा, कोयता.
शस्त्रं शमीवर ठेवून लोक अज्ञातवासात जातात,
इतपत मला ठाऊक होतं. तो एक वर्षाचा असतो
हेही ठाऊक होतं.

परत आल्यावर नवा निकष घालायला बसले:
पाण्यावाचून जगण्याची शक्यता.
घालून बघितलं. एकशे चौदा वर चढला, झाडं वाचली.
खाली दुसरी ओळ उमटली:
सिंचनाची गरज नाही, मनुष्यबळ शून्य.

काढून टाकला. परत लाल.
परत घातला.

यंत्र थांबून होतं. शमी की मोफिजुल, किती पट,
असं त्यानं विचारलं नाही. त्याला ती दोन नावं
एका ओळीत माहीतच नव्हती.
सुहैल दारातून म्हणाला, मिस खातू, उद्या सकाळी बैठक.

मी पिवळा रंग दिला.
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
लिहिलं: ओळ ३७ ते ४१. आधी माळ्याला विचारा.